ग्रामसभेच्या बांबू जंगलाला एफएससी प्रमाणपत्र घ्यायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या गावाला ११४० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आहे. बांबू आम्हीच तोडतो, विक्रीही ग्रामसभाच करते. यंदा एका खरेदीदाराने सांगितलं की जंगलाला एफएससी प्रमाणपत्र असेल तर दर वाढवून देऊ. ते मिळवायला काय करावं लागतं, किती दिवस लागतात, किती पैसे लागतात? आणि वन विभागाची परवानगी घ्यावी लागेल का?"

सचिवभाऊ, मी आधी बरीच वर्षं तपासनीस म्हणून लोकांची जंगलं तपासली. आता उलट्या बाजूला बसतो, म्हणजे ज्यांची तपासणी व्हायची आहे त्यांची तयारी करून घेतो. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टीवर्डशिप कौन्सिल, जंगल नीट सांभाळलं जातं की नाही याचे नियम ठरवणारी जागतिक संस्था. दोन्हीकडून पाहिल्यावर सांगतो: तुमचं जंगल प्रमाणित होऊ शकतं. एकट्या गावाने जाऊ नका. आजपासून दीड वर्ष धरा. आणि सगळ्यात आधी त्या खरेदीदाराकडून किती दर वाढवणार, किती मालावर आणि किती वर्षं, हे लेखी घ्या.

हा शेवटचा मुद्दा आधी निपटतो, कारण इथेच जास्त गावं फसतात. प्रमाणपत्र हे सरकारी अनुदान नाही की एकदा मिळालं की झालं. ते पाच वर्षांचं असतं, दरवर्षी तपासणी होते आणि दर तपासणीचे पैसे तुम्हीच भरायचे असतात. भामरागड वनविभाग हा देशात एफएससी मिळवणारा पहिला वनविभाग होता, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातला. नंतर मध्य प्रदेश, त्रिपुरा इथल्या काही विभागांनीही घेतलं. त्यातली बरीच प्रमाणपत्रं मुदत संपल्यावर पुढे चालली नाहीत. जंगल वाईट झालं म्हणून नव्हे. प्रमाणित माल म्हणून जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक कायम उभं नसेल, तर दरवर्षीचा खर्च कोण आणि कशासाठी करणार?

याच्या उलट उदाहरण भीमाशंकर भागातलं. तिथे हिरडा आणि बेहडा या झाडांच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळालं. पुण्याच्या एका संस्थेने महादेव कोळी समाजाच्या लोकांबरोबर ते काम केलं आणि घेणारी होती ब्रिटनमधली वनौषधी चहा विकणारी कंपनी. बेहड्याची जुनी झाडं सरपणाला, कोळशाला जात होती, त्यांच्याच ढोल्यांमध्ये धनेश पक्षी घरटी करतो. फळाला भाव मिळाल्यावर झाड उभं ठेवण्यात लोकांचा फायदा झाला. लक्षात घ्या, तिथे गिऱ्हाईक समोर होतं म्हणून प्रमाणपत्राला अर्थ होता. तुमच्याकडे मोहफूल, हिरडा, चारोळी यांचाच व्यवहार मोठा असेल, तर एफएससीऐवजी फेअरवाइल्डचाही विचार करा. ते मुळात रानातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठीच बेतलेलं आहे. तुमचा प्रश्न बांबूचा आहे, म्हणून पुढे एफएससीबद्दलच लिहितो.

एफएससी ही संस्था १९९३ साली कॅनडात टोरांटोला झालेल्या सभेतून सुरू झाली. आदल्या वर्षी रिओच्या परिषदेत जंगलांसाठी जगभर बंधनकारक करार होऊ शकला नाही, तेव्हा पर्यावरणवाले, लाकूड व्यापारी आणि आदिवासींच्या संघटना यांनी एकत्र येऊन स्वतःच नियम केले. आजही तिच्या सभासदांचे पर्यावरण, सामाजिक आणि आर्थिक असे तीन गट आहेत. मुख्यालय जर्मनीत, बॉनला. तत्त्वं दहा आहेत आणि भारतासाठी त्यांचं स्वतंत्र राष्ट्रीय मानक आहे. ते मिळवा आणि समितीतल्या दोन तरुण पोरांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावा. सल्लागाराने तयार केलेला सारांश वाचू नका. मी स्वतः सल्लागार आहे, तरी सांगतो.

आता कामाचं. तपासनीस पहिल्या दिवशी विचारतो, "हे जंगल चालवायचा हक्क तुमचा कशावरून?" वनहक्क कायदा २००६, कलम ३ (१) (आय) खालचं सामूहिक वनसंपत्तीचं अधिकारपत्र हे त्याचं उत्तर. मालकी शासनाची असली तरी चालतं; संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापनाचा हक्क तुमचा आहे, एवढं दाखवता आलं पाहिजे. पण अधिकारपत्र काढून नीट वाचा. अनेक गावांकडे निस्ताराच्या (म्हणजे घरगुती गरजांच्या) आणि वनोपजाच्या सामूहिक हक्कांचं वेगळं अधिकारपत्र असतं आणि गाव समजतं की झालं काम. दोन्ही कागद दिसायला सारखेच, पण व्यवस्थापनाचा अधिकार ३ (१) (आय) च्याच कागदात येतो. जंगलाच्या भागांचे, म्हणजे कक्षांचे, क्रमांक जुळतात का, हेक्टर जुळतात का, शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद आहे का, हेही बघा. वाद असणं गुन्हा नाही. तो कसा मिटवता, शेजारच्या गावाबरोबर बैठक झाली का, तिचा ठराव कुठे आहे, हे विचारलं जातं. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला तरी बांबू विकायचा वाहतूक परवाना हातात पडायला २०११ उजाडलं. त्यामुळे तुमच्या भागातल्या लोकांना कागदाची किंमत मी वेगळी सांगायला नको.

दुसरं, आराखडा. इथे मी जरा थांबतो.

एका गावात मी तपासनीस म्हणून गेलो होतो. आराखडा चांगला जाड, रंगीत नकाशे, प्लास्टिकचं आवरण. बाहेरच्या कुणीतरी करून दिलेला. मी समितीच्या अध्यक्षांना विचारलं, यंदा कोणत्या भागात तोड आहे आणि तिथेच का? ते कपाटाकडे बघायला लागले. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "नाल्याच्या पलीकडे, तिकडचा तीन वर्षं ठेवला होता म्हणून." तिच्या एका वाक्यात आराखडा होता, पण पुस्तकात त्या भागात पुढल्या वर्षी तोड लिहिलेली! गाव बरोबर होतं, पुस्तक चुकीचं होतं, आणि शेरा मात्र गावाला बसला. प्रमाणपत्र झाडांना मिळत नाही. गाव जे ठरवतं तेच लिहितं का, आणि लिहितं तेच करतं का, याला मिळतं. म्हणून आराखडा ग्रामसभेच्या तोंडी भाषेत लिहा, दहा पानांचा असला तरी चालेल.

त्यात हिशेब मात्र पक्का हवा. समजा ११४० पैकी ६०० हेक्टरवर बांबू आहे आणि तुम्ही चार वर्षांची फेरी ठेवली, तर दरवर्षी १५० हेक्टरचा एक भाग येतो. त्या भागात पंचवीस-तीस ठिकाणी चौकटी आखून बेटं मोजा, प्रत्येक बेटात कोवळ्या, एक वर्षाच्या आणि पक्व काठ्या किती ते लिहा. समजा सरासरी हेक्टरी ८० बेटं निघाली आणि नियम पाळून बेटामागे ४ काठ्या काढता येतात असं दिसलं, तर १५० × ८० × ४, म्हणजे ४८,००० काठ्या. ही वरची मर्यादा झाली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. व्यापारी साठ हजार मागेल तेव्हा नाही म्हणायला हा कागद लागतो, आणि तपासनीस नेमकं हेच बघतो की मोजणीचा आकडा, तोडीचा आकडा आणि वाहतूक परवान्यांवरचा आकडा एकमेकांशी बोलतात की नाही.

तोडीचे नियम तुम्हाला माहीत आहेत, फक्त ते लिहून ठेवा आणि मजुरांना दरवर्षी तोडीआधी सांगा. या वर्षीचा कोंब आणि गेल्या वर्षीची काठी तोडायची नाही. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या अगदी लगत वरून काप घ्यायचा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. बेटाच्या एका बाजूने आत शिरून मधल्या जुन्या काठ्या काढायच्या, बाहेरचं कडं सोलून काढायचं नाही. सोपं असतं म्हणून मजूर बाहेरूनच तोडतात आणि बेट आतून गुदमरतं. तपासनीस पाच बेटं बघून तोड कशी झाली ते ओळखतो. पावसाळ्यात कोंब निघत असताना तोड बंद. फुलोऱ्याच्या बेटांचं काय करायचं हेही आधीच ठरवा. मानवेल जातीच्या बांबूला फुलोरा आला की बेट मरतं. बी पडेपर्यंत थांबणार की आधीच काढणार, नवी रोपं वर येईपर्यंत तिथे चराई बंद ठेवणार का?

आता आग. खरं सांगू का, विदर्भात बहुतेक गावं इथेच अडखळतात. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून वणवा लावतात, आणि सगळ्यांना माहीत असतं पण कुणी बोलत नाही. "आमच्याकडे आग लागत नाही" असं तपासनिसाला सांगू नका. तो दोन खोडं बघून ओळखतो. त्यापेक्षा सांगा की गेल्या वर्षी तीन ठिकाणी लागली, कुठे लागली ते नकाशावर दाखवा, जाळरेषा कुठे केल्या, मोहाखाली जाळ्या किंवा जुन्या साड्या पसरायची सुरुवात किती घरांनी केली, तेंदूच्या ठेकेदाराशी करारात आगीची अट घातली का. चूक मान्य असेल आणि सुधारणा चालू असेल तर शेरा हलका येतो. लपवलेली सापडली की जड येतो.

मजुरांबद्दल फार लिहीत नाही. तोडणारे तुमच्याच गावचे असले तरी हजेरीपट हवा, किमान वेतन हवं, बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर हवा. हेल्मेट, बूट, हातमोजे फक्त घेऊन ठेवून भागत नाही, ते पायात आणि डोक्यावर दिसले पाहिजेत. प्रथमोपचाराची पेटी डेपोवर नव्हे, जिथे तोड चालू आहे तिथे. अपघाताची वही ठेवा. रिकामी वही बघून तपासनीस खूश होत नाही, त्याला संशय येतो.

देवस्थानं आणि जैवविविधता हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे गावं शहाणी असतात. एफएससीत जंगलातली खास जपायची मूल्यं सहा प्रकारची धरली जातात: दुर्मीळ जीव, मोठे सलग पट्टे, दुर्मीळ अधिवास, पाणी आणि माती राखणारे भाग, लोकांच्या रोजच्या गरजा आणि संस्कृती. शेवटच्या दोन गोष्टी गोंड किंवा माडिया गावात जंगलभर पसरलेल्या असतात. पेनठाणा (देवाची जागा) कुठे, कोणत्या झाडांना हात लावत नाहीत, कोणत्या झऱ्याचं पाणी मार्च-एप्रिलपर्यंत टिकतं, अस्वलाच्या गुहा कुठे, शेकरूची घरटी कुठे, गिधाडं कुठे बसतात, हे म्हाताऱ्या लोकांना घेऊन दोन दिवस फिरून नकाशावर टाका. एक काळजी घ्या. तपासणीच्या अहवालाचा सारांश सार्वजनिक होतो. जे ठिकाण बाहेरच्यांना कळू नये असं गावाला वाटतं, ते नकाशाच्या गावाकडच्या प्रतीतच ठेवा आणि तपासनिसाला तसं स्पष्ट सांगा. तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

एकट्याने जाऊ नका असं का म्हणालो? तपासनिसाचा प्रवास, राहणं, दिवसाचे दर, अहवाल आणि एफएससीचं वार्षिक शुल्क धरून पहिल्या वर्षाचा खर्च काही लाखांत जातो. गाव एक असलं तरी आणि दहा असली तरी बराचसा खर्च तेवढाच. म्हणून गटाचं प्रमाणपत्र असतं. तुमच्या तालुक्यात ग्रामसभांचा महासंघ असेल, तर तो गटप्रमुख होऊ शकतो. तो सगळ्या गावांचे नियम एक करतो, दरवर्षी स्वतः आत तपासणी करतो, आणि बाहेरचा तपासनीस सगळ्या गावांत न जाता काही गावं निवडून बघतो. कोणती ते तो ठरवतो, तुम्ही नाही. एक गाव चुकलं तर बाकीच्यांनाही झळ लागते, त्यामुळे गटात कुणाला घ्यायचं आणि कधी काढायचं याचा नियम भिडेखातर सैल करू नका. दुसरी सवलत अशी की नैसर्गिक जंगलातून फक्त गौण वनोपज (लाकूड सोडून इतर उपज) काढलं जात असेल, तर ते कमी तीव्रतेचं व्यवस्थापन म्हणून पात्र ठरू शकतं आणि तपासणी सोपी व स्वस्त होते. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजच आहे. प्रमाणन संस्थेला पहिल्याच पत्रात हे विचारा. किमान तीन संस्थांकडून दरपत्रक मागवा, आणि त्या संस्थेला एफएससीच्या वन व्यवस्थापन तपासणीची मान्यता आहे ना, तेही पाहा. काही जणांकडे फक्त मालसाखळीची, म्हणजे जंगलातून निघालेला माल हातोहात कुठे जातो ते तपासायची असते.

मग प्रत्यक्ष क्रम. हवी असल्यास आधी एक पूर्वतपासणी करून घ्या, मी तरी घ्या असंच म्हणेन. मुख्य तपासणीच्या किमान सहा आठवडे आधी संस्था आसपासच्या लोकांना, वन विभागाला, संस्थांना कळवते आणि मतं मागवते. मग तपासनीस येतात, कागद बघतात, जंगलात फिरतात, बायकांशी आणि मजुरांशी समितीच्या माणसांशिवाय बोलतात. त्रुटी दोन प्रकारच्या निघतात. मोठी त्रुटी असेल तर ती बंद झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि नंतरच्या वर्षी निघाली तर ती बंद करायला साधारण तीन महिने मिळतात. छोटीला एक वर्ष. छोट्या त्रुटीकडे वर्षभर दुर्लक्ष केलं की ती मोठी होते.

प्रमाणपत्र आल्यावर सुद्धा दर हुकू शकतो, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गटात दोन गावांचा बांबू एकाच डेपोवर आला. एक गाव गटात होतं, दुसरं नव्हतं. जागा कमी म्हणून थप्पी एकच लावली. त्या सगळ्या मालावर प्रमाणित म्हणून बिल फाडता आलं नाही आणि वर्षाचा जादा दर पाण्यात गेला. म्हणून थप्प्या वेगळ्या, रंग वेगळा, नोंदवही वेगळी. लांब बांबू आणि बंडल यांचा हिशेबही वेगवेगळा. बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि 'एफएससी १००%' हा दावा लिहावा लागतो. आणि मधला व्यापारी माल स्वतःच्या नावावर घेत असेल, तर त्याच्याकडेही मालसाखळीचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर साखळी तिथेच तुटते, पुढे कागद कारखान्यात गेलेला तुमचा बांबू इतरांसारखाच. तुमच्या खरेदीदाराला हा प्रश्न उद्याच विचारा. तो गडबडला तर दरवाढीचं आश्वासन किती खरं आहे ते कळेल.

एफएससीच घ्या असा माझा आग्रह नाही. पीईएफसी नावाची दुसरी जागतिक पद्धत आहे, उत्तर प्रदेश वन निगमाची जंगलं तिच्याखाली प्रमाणित झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना आणली, तिचं काम भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था बघते. तिच्या वन व्यवस्थापन मानकात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणीचे मुद्दे आहेत, आणि ते राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेचाच, म्हणजे वन विभाग आपले आराखडे ज्या नियमांनी करतो त्यांचाच, भाग आहे. माल देशातच विकायचा असेल तर तिच्याकडे लक्ष ठेवा. तुमच्या खरेदीदाराचा माल परदेशात जात असेल, तर त्याचं पुढचं गिऱ्हाईक कोणतं चिन्ह मागतं, तेच चिन्ह घ्या. तयारी तिन्हींची बरीचशी सारखीच आहे, त्यामुळे मोजणी आणि वह्या आज सुरू केल्या तर वाया काही जात नाही.

राहिला वन विभागाच्या परवानगीचा प्रश्न. अधिकारपत्र तुमच्या ग्रामसभेचं असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला परवानगी लागत नाही. पण वर सांगितलं तसं संस्था त्यांचं मत मागवणार आहे आणि तपासनीस क्षेत्र अधिकाऱ्यांना फोन करणार आहे. त्या फोनवर त्यांना तुमच्या आराखड्याबद्दल पहिल्यांदाच कळलं, तर उत्तर कसं येईल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणून ग्रामसभेचा ठराव झाला की त्याच आठवड्यात अध्यक्ष आणि दोन सभासदांनी नकाशा घेऊन त्यांच्या कार्यालयात जावं, एक प्रत आवक क्रमांक टाकून द्यावी आणि पोचपावती घेऊन यावी. ती पोचपावती फाईलच्या पहिल्या पानावर लावा.